निर्वासित आणि प्रतिध्वनी

मराठीच्या अध्यापकाला वर्गात उघडपणे वापरता येतील असे जे चार-दोन शिवीवजा शब्द आहेत, त्यांत 'पोपटपंची' हा शब्द बराच वरचा आहे. उत्तरपत्रिका तपासताना तर तो आमच्या लेखणीच्या टोकाशीच बसलेला असे. मार्गदर्शिकेतील परिच्छेद स्वल्पविरामासकट उतरवणारा विद्यार्थी भेटला की समासात लाल शाईने आम्ही हा शब्द लिहीत आलो. तो लिहिताना आपण एका पक्ष्याबद्दलही काही विधान करीत आहोत, हे कधी मनात आले नाही.

वास्तविक आमच्यासारख्यांनी पोपटाविषयी अंमळ सांभाळूनच बोलावे. ज्या वाङ्मयप्रकाराला आपण मराठीत 'कादंबरी' म्हणतो, त्याचे नावच मुळी बाणभट्टाच्या ग्रंथावरून आले, आणि त्या ग्रंथातील बहुतेक कथा शूद्रक राजाला सांगतो तो वैशंपायन नावाचा एक पोपट. सोन्याच्या पिंजऱ्यातून तो दरबारात येतो, उजवा पाय उचलून राजाच्या स्तुतीची आर्या म्हणतो, आणि मग स्वतःच्या जन्मापासून आरंभ करतो. विंध्यारण्यात, पंपा सरोवराच्या काठी एक जुनाट शाल्मली वृक्ष होता. त्याच्या ढोलीत तो जन्मला. एके दिवशी एक म्हातारा शबर त्या झाडावर चढला. ढोलीत हात घालून एकेक पिलू बाहेर काढी, मान मुरगाळी आणि खाली फेकी. वैशंपायनाला पंखाखाली झाकून बसलेला त्याचा म्हातारा बाप त्यातच गेला. पिलू तेवढे वाळल्या पाचोळ्यावर पडले, म्हणून वाचले. आमच्या कादंबरीच्या नावामागे असा एक ढोलीत शिरलेला हात आहे. तो हात आम्ही अनेक वर्षे शिकवला. त्याचा विचार मात्र फार उशिरा केला, आणि त्याला कारण घडले ते एका दूरच्या बेटावर.

पण त्याआधी आमच्या स्वतःच्या हाताविषयी सांगणे भाग आहे.

आजोळी, सातारा जिल्ह्यातील एका गावी, पडवीत एक पिंजरा टांगलेला असे. मामांनी तो पोपट आठवड्याच्या बाजारातून आणलेला. पंख छाटलेले. आजी त्याला भिजवलेली डाळ, पेरूची फोड आणि हिरवी मिरची देई, आणि रोज पहाटे सडा घालता घालता 'विठ्ठल विठ्ठल' म्हणायला लावी. तो ते म्हणे, आणि कौतुक करून घेई. (देशी पोपट पाळणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरतो, हे तेव्हा त्या घरात कोणाच्याही गावी नव्हते.) आम्ही नऊ वर्षांचे असताना, मे महिन्याच्या एका दुपारी, सारे घर निजलेले पाहून पिंजऱ्याचे दार उघडले. एका मुक्त करणाऱ्या मुलाची गोष्ट आम्ही नुकतीच वाचली होती. पोपट बाहेर येईना. दांडीला घट्ट धरून तो बसून राहिला. तेव्हा आम्ही आत हात घातला आणि त्याला ओढून काढले. तर्जनीच्या मुळाशी त्याने कडकडून चावा घेतला. त्याची खूण अजून आहे. आवाराच्या भिंतीवर त्याला ठेवले आणि 'उड' म्हटले. तो उडाला नाही. कावळे आले. पुढचे सांगत नाही. आजीने आम्हांला एका शब्दानेही बोल लावला नाही. पिंजरा मात्र स्वतःच्या हाताने माळ्यावर नेऊन ठेवला, आणि त्यानंतर तिने सडा मुक्यानेच घातला.

पुढे ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय शिकवण्याची वेळ आली. नळीवर बसलेला पोपट, त्याच्याच भाराने ती फिरते आणि कोणी बांधलेले नसताना आपण बांधले गेलो अशा समजुतीने तो ती आणखी आवळून धरतो, हा तेथील दृष्टान्त प्रसिद्धच आहे. विद्यार्थ्यांना त्यातले अध्यात्म आम्ही नीट सांगत असू. डोळ्यांपुढे मात्र पडवीतली दांडी येई, आणि मनात शंका येई की, त्या पोपटाला भ्रम झाला होता की त्याचे पंख छाटलेले होते?

असो. २०१८च्या भाद्रपदात मॉरिशसला जाण्याचा योग आला. तेथील मराठी शिकवणाऱ्यांबरोबर काही दिवस काढायचे होते, आणि उतरलो होतो ते एका निवृत्त शिक्षकांच्या घरी. त्यांना सारा गाव गुरुजी म्हणे, आम्हीही तेच म्हणू लागलो. मॉरिशसला ऊसमळ्यांवरील कामासाठी करारबद्ध मजूर नेण्यास १८३४ साली आरंभ झाला आणि पुढच्या सुमारे पाऊण शतकात साडेचार लाखांच्या आसपास माणसे हिंदुस्थानातून तेथे उतरली. त्यांत बहुसंख्य पूर्वेकडची, भोजपुरी बोलणारी. पण मुंबई बंदरातून गेलेली आमच्या कोकणातली आणि घाटावरची माणसेही त्यांत होती. गुरुजींचे खापरपणजोबा त्यांपैकी एक. आज त्या घरात बोलणे चालते ते क्रेओलमध्ये, वर्तमानपत्र फ्रेंच आणि सरकारी कागद इंग्रजी. मराठी राहिली आहे ती शाळेच्या तासात, लग्नात आणि गणपतीत. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते.

चतुर्थीच्या संध्याकाळी आरती सुरू झाली. पंधरा-वीस माणसे, टाळ, आणि हातात रोमन लिपीत छापलेल्या पुस्तिका. सूर पक्के होते. शब्द मात्र जागोजाग झिजलेले, एकमेकांत मिसळलेले, काही तर नुसते नाद म्हणून उरलेले. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी आमच्या मनात उमटलेला शब्द होता: पोपटपंची. इतकेच करून थांबलो असतो तरी चालले असते. आरती संपल्यावर गुरुजींच्या दहा-अकरा वर्षांच्या नातवाला जवळ बोलावून, सर्वांदेखत, आम्ही एका शब्दाचा उच्चार सुधारून दिला. शब्द फोडून सांगितला, अर्थ सांगितला. मुलाने मान डोलावली. मंत्रपुष्पांजलीला तो ओठ मिटून उभा होता.

गुरुजींच्या ते लक्षात आले असावे. रात्री जेवताना ते इतकेच म्हणाले, "उद्या सकाळी रानात जाऊ. विसर्जन संध्याकाळी आहे. तुम्हाला आमचा पोपट दाखवतो. नातू येईल बरोबर, त्याला ठाऊक आहेत जागा."

'आमचा पोपट' म्हणजे कोणता, हे समजायला दोन नावांची गोष्ट सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात एडवर्ड न्यूटन नावाचे एक इंग्रज अधिकारी मॉरिशसच्या वसाहती कारभारात होते. त्यांचे बंधू आल्फ्रेड हे केंब्रिजला प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. मॉरिशसच्या पूर्वेला दूर समुद्रात असलेल्या रॉड्रिग्ज बेटावरून १८७१ साली एक पोपट त्यांच्यापर्यंत पोहोचला. आल्फ्रेड न्यूटन यांनी १८७२ साली त्याला लॅटिन नाव दिले 'एक्सूल', म्हणजे निर्वासित, देशोधडीला लागलेला. १४ ऑगस्ट १८७५ रोजी त्या जातीचा आणखी एक पक्षी मारला गेला. त्यानंतर तो पोपट पुन्हा कोणाला दिसला नाही. जगात त्याचे हे दोनच नमुने आहेत, आणि दोन्ही केंब्रिजच्या संग्रहालयात.

या निर्वासिताची आणखी जुनी नोंद एका निर्वासितानेच केलेली आहे. फ्रान्सने प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य १६८५ साली काढून घेतल्यावर देश सोडावा लागलेला फ्रांस्वा लेगा हा गृहस्थ काही सोबत्यांसह १६९१ ते १६९३ या काळात रॉड्रिग्जवर राहिला. १७०८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात तो सांगतो की, बेटावर हिरवे आणि निळे पोपट विपुल होते, त्यांना त्यांनी बोलायला शिकवले, आणि बेट सोडताना त्यांतला एक बरोबर मॉरिशसला नेला. तो फ्रेंच आणि फ्लेमिश अशा दोन्ही भाषा बोले. ज्यांना मायदेशी परत जाता येत नव्हते त्या माणसांची भाषा, ज्याला आपल्या बेटावर परत जाता येणार नव्हते त्या पक्ष्याच्या तोंडी! याला पोपटपंची म्हणायचे की आणखी काही, याचा निर्णय वाचकांनी करावा.

मॉरिशसच्या पोपटाचे नामकरण दोघा न्यूटन बंधूंनी १८७६ साली केले. त्याला त्यांनी नाव दिले 'एको'. ग्रीक पुराणकथेतली ही वनदेवता झिजत झिजत नाहीशी झाली आणि तिचा नुसता आवाज मागे राहिला. तेव्हा एका भावंडाचे नाव निर्वासित, दुसऱ्याचे प्रतिध्वनी. पहिला नावाप्रमाणे गेला. दुसराही जाण्याच्या बेतात होता. १९८०च्या दशकाच्या मध्याला या जातीचे दहा-बारा पक्षीच काय ते ज्ञात होते, आणि जगातला सर्वांत दुर्मिळ पोपट म्हणून त्याचा उल्लेख होई. शेजारच्या रेयूनियों बेटावरचा त्याचा सख्खा भाऊबंद तर केव्हाच नष्ट झालेला.

कारणे गूढ नाहीत. मॉरिशसचे मूळ जंगल ऊस, चहा, पाइन अशा एकामागून एक लागवडींसाठी तोडले गेले. चांगल्या स्थितीतील मूळ जंगल आज दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. हा पोपट जुन्या, मोठ्या देशी झाडांच्या ढोलीत घरटे करतो, आणि ढोली पडायला झाडाला म्हातारे होऊ द्यावे लागते. उरल्यासुरल्या रानात बाहेरून आलेल्या चिनी पेरूने दाटी केली. जहाजांतून उतरलेले उंदीर आणि माकडे अंडी-पिले खाऊ लागली. वादळे तर तेथे नेहमीचीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातल्या एका पायवाटेवर आम्ही चालत होतो. (हे उद्यान १९९४ साली घोषित झाले.) वाटेत पक्षिरक्षणाचे काम करणारा एक तरुण भेटला. तो क्रेओलच बोले. गुरुजी दम खात मागे राहिलेले. तेव्हा दुभाषा झाला तो नातू. आदल्या संध्याकाळी ज्याची मराठी आम्ही तपासली होती, त्याच्या मराठीवर आता आमचे सारे समजणे अवलंबून होते.

डोक्यावरून 'चा-चा, चा-चा' असा जाडसर, नाकातून काढल्यासारखा आवाज गेला. आमच्याकडच्या पोपटासारखी तीक्ष्ण किंकाळी नव्हे. मुलाने बोट दाखवले. आमच्या पोपटाहून अधिक गडद पाचूचा रंग, शेपूट आखूड, अंग जरा भरलेले.

"बाबा पोपट, लाल चोच," मुलगा म्हणाला. "आई पोपट, काळी चोच. आई आत आहे. अंडं आहे ना, म्हणून. बाबा खायला देतो."

आत म्हणजे उंचावर झाडाला बसवलेल्या लाकडी पेटीत. खाली खोडाभोवती गुळगुळीत पत्रा गुंडाळलेला, उंदीर-माकडांचे नखही रोवले जाऊ नये म्हणून. तरुण सांगत होता आणि मुलगा त्याचे मराठी करीत होता, आणि जेथे शब्द सापडत नव्हता तेथे हातांनी करून दाखवत होता. घरी आल्यावर गुरुजींकडून आम्ही तपशील भरून घेतला तो असा. कार्ल जोन्स हे वेल्समधले जीवशास्त्रज्ञ १९७९ साली मॉरिशसला आले. जेराल्ड डरेल यांनी जर्सी बेटावर उभी केलेली संस्था आणि १९८४ साली सुरू झालेले मॉरिशसचे वन्यजीव प्रतिष्ठान यांच्या साह्याने हे काम चालले. मादी दोन ते चार अंडी घालते. पण रानात अन्न इतके तुटपुंजे, की बहुधा एकच पिलू जगते आणि धाकटी उपासमारीने मरतात. तेव्हा माणसे दोर लावून झाडावर चढत, ढोलीत हात घालत, मरू घातलेली पिले बाहेर काढत आणि ब्लॅक रिव्हरच्या केंद्रात हाताने भरवून वाढवत. ज्या जोडप्याची अंडी फुकट गेली त्याच्या घरट्यात दुसऱ्याचे पिलू ठेवत. ढोलीतल्या रक्तपिपासू माश्यांच्या अळ्या मारत, पाणी शिरू नये म्हणून ढोली डागडुजी करत. १९९७ ते २००५ या वर्षांत पिंजऱ्यात वाढलेले पक्षी रानात सोडण्यात आले, आणि ते उपाशी राहू नयेत म्हणून खाद्यपेट्या टांगल्या गेल्या.

झाडावर चढणारा माणूस आणि ढोलीत शिरणारा हात. हुबेहूब शबराचीच हालचाल. बाणभट्टाने ज्या तपशिलाने ती वर्णिली आहे, तिच्यात एक शब्द बदलावा लागू नये. आणि तरी या हाताने ओढलेले पिलू जगत होते.

इथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. मॉरिशसच्या रानात आणखी एक पोपट आहे, आणि तो आमचा आहे. आजोळच्या पडवीतला तोच. एकोणिसाव्या शतकात पिंजऱ्यांतून तो त्या बेटावर नेला गेला, कोठेतरी दारे उघडली, आणि आज तो तेथे हजारोंनी आहे. मोजक्या ढोलींवर तोही हक्क सांगतो. आता 'परका आला आणि भूमिपुत्राला उपरे केले' ही कहाणी किती सहज जुळते, आणि माणसांच्या बाबतीत ती सांगायला किती जण उत्सुक असतात, हे वेगळे सांगायला नको. गुरुजींच्या पूर्वजांनाही ती सांगितली गेली असेल. पण आनुवंशिक अभ्यास निराळेच काही सांगतात. मॉरिशसचा 'एको' आणि रॉड्रिग्जचा 'एक्सूल' हे दोघेही आपल्याच उपखंडातील पोपटांच्या कुळातले. फार फार पूर्वी समुद्र ओलांडून गेलेल्या पक्ष्यांचे वंशज. म्हणजे आधी आलेला आणि नंतर आणला गेलेला, एवढाच काय तो भेद. ढोली कमी पडल्या त्या पाहुणे फार झाले म्हणून नव्हे. रान तोडले गेले म्हणून. आणि ते तोडण्याचा हुकूम ज्यांनी दिला ते मळेवाले आणि ज्यांच्या हातांनी ते तुटले ते गुलाम व मजूर, यांत फरक करायला हवा. त्या हातांत कोकणातून गेलेले हातही असणारच.

राहता राहिला तो आमचा जुना प्रश्न. पेटीत जन्मणारा, टांगलेल्या डब्यातले दाणे खाणारा हा पोपट रानटी म्हणावा की पाळीव? की हीही एक मोठी, छप्पर नसलेली नळीच? मुलाकरवी हे आम्ही त्या तरुणाला विचारले. मुलाने त्याचे काय क्रेओल केले कोण जाणे. तरुण हसला आणि बराच वेळ बोलला. मुलाने ते सारे दोन वाक्यांत आणले. "तो म्हणतो, पोपट आजारी झाले. मग आम्ही हात लावला नाही."

संदर्भ नंतर कळला. २००५च्या सुमारास या पोपटांत चोच आणि पिसे झडवणाऱ्या एका विषाणूची साथ दिसून आली. पक्षी एकत्र आणणे, एका घरट्यातले पिलू दुसऱ्यात नेणे, ही ज्या उपायांची ताकद तीच आता भीती झाली. तेव्हा वीस वर्षे ढोलीत जात असलेला हात बहुतांशी मागे घेण्यात आला. पिले हलवणे थांबले, पिंजऱ्यातून सोडणे थांबले. खाद्यपेट्या आणि घरट्यांच्या पेट्या राहिल्या. ज्याने पक्षी जगवले त्या हाताला थांबणे किती अवघड गेले असेल, याची आम्हांला कल्पना करता येते. पोपट मात्र वाढत राहिले. २००७ साली धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत ते एक पायरी उतरले, २०१९ साली आणखी एक. तेव्हा त्यांची संख्या साडेसातशेच्या आसपास मोजली गेली. संकट टळले असे नाही. एक मोठे वादळ, एक नवी साथ, एवढे पुरे आहे. पण आज त्या रानात उडणारे बहुतेक पक्षी कोणी हाताने भरवलेले नाहीत.

पडवीतल्या पोपटाला आम्ही सोडले असे इतकी वर्षे समजत होतो. सोडण्याआधी पंख वाढू द्यावे लागतात, खायला शोधू द्यावे लागते, पत्रा गुंडाळावा लागतो, आणि यांतले काही न करता जे केले त्याला ओढणे म्हणतात. मुलाच्या तोंडातला शब्दही आम्ही तसाच ओढला होता.

उतरताना गुरुजी वाटेवर एका दगडावर बसलेले भेटले. आम्ही आदल्या संध्याकाळचा विषय काढला, अडखळत. त्यांनी हाताने तो बाजूला सारला. "आमचे आजोबा निरक्षर होते," ते म्हणाले. "त्यांनी ऐकून पाठ केलं, आम्ही त्यांचं ऐकून. अर्थ मी शाळेत नोकरी लागल्यावर शिकलो. तोवर पाठ होतं म्हणून शिकलो, सर."

संध्याकाळी दीड दिवसाच्या गणपतीबरोबर सारा गाव समुद्राकडे निघाला. वाळूवर पाट ठेवून शेवटची आरती झाली. नातू आमच्या शेजारी उभा होता. आधी गप्प होता. मग टाळ वाजू लागले तसा गुणगुणू लागला, आणि तिसऱ्या कडव्याला मोठ्याने म्हणू लागला. तो शब्द आला. त्याने तो जुन्याच पद्धतीने म्हटला, जसा त्याच्या आजोबांच्या आजोबांनी म्हटला असेल. मग तिरक्या डोळ्यांनी आमच्याकडे पाहिले.

आम्ही टाळ्या वाजवीत राहिलो.